मेंदूच्या देठातील क्रूस

आमच्या सीमाभागातील धर्मगुरूच्या वाट्यास जी नाना प्रकारची कामे येतात, त्यांत लोकांचे कागद वाचून दाखविणे हे एक मोठे काम होय. आमचा माणूस घरी मराठी बोलतो, कचेरीत कानडी ऐकतो, बाजारात दखनीवर वेळ निभावतो आणि हैदराबादेस गेला तर तेलुगूशी झटतो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, बिदर व गुलबर्गा हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरे जिथल्या तिथे राहून दुसऱ्या राज्यात गेली. पुढे १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. परंतु दवाखान्याच्या कागदाने आपली इंग्रजी काही सोडली नाही. तेव्हा जमिनीची पहाणी, बँकेची नोटीस, मुलाचा दाखला आणि दवाखान्याचा कागद या चारही वस्तू रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या ओट्यावर आमच्यापुढे येतात.

अलीकडे यांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे एम.आर.आय.ची पिशवी. हातभर लांबीची, आत काळ्या चकचकीत फिती, आणि प्रत्येक फितीवर लहान लहान चौकटींत डोक्याचे काप. लोक त्या पिशवीस फार जपतात. कित्येक घरांत ती भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवलेली आम्ही पाहिली आहे. आम्ही वैद्य नव्हे, हे आम्ही प्रत्येकास आधी सांगतो. पण सेमिनरीत लॅटिन शिकलो आणि वैद्यकातील निम्मे शब्द लॅटिन आहेत, एवढ्या भांडवलावर आमचे नाव पंचक्रोशीत झाले आहे व त्यास आमचा इलाज नाही.

अशीच एक पिशवी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आणली, तीविषयी लिहावे असे त्या कुटुंबासच वाटले. नाव-गाव न सांगण्याच्या अटीवर त्यांनी आम्हांस मोकळीक दिली आहे. गृहस्थ चव्वेचाळीस वर्षांचे. तूर-ज्वारीची कोरडवाहू शेती. शिक्षण दहावीपर्यंतचे, परंतु वाचन स्वच्छ, आवाज खणखणीत. त्यामुळे मिस्साचे पहिले वाचन कित्येक वर्षे त्यांच्याकडे असे. आमच्यापूर्वीच्या धर्मगुरूंनी त्यांस हे काम दिले होते व आम्हीही ते चालू ठेवले.

सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या चालण्यात फरक पडला. पाय फाकून, तोल सावरीत चालू लागले. मग बोलणे जड झाले, शब्द एकमेकांस चिकटू लागले. खेड्यात अशा चालीबोलीचा एकच अर्थ लावतात. ज्या माणसाने सणासुदीसही कधी पेला हाती धरला नाही, त्यास लोक पाठीमागे 'दुपारीच घेऊन येतो' म्हणू लागले. एका दवाखान्यात तर त्यांच्या कागदावर दारूचे व्यसन असे लिहूनच दिले. दारूने लहान मेंदू बिघडतो व तोल जातो हे खरे आहे, म्हणून वैद्याच्या मनात ते येणे वावगे नव्हे. पण घरच्यांस एक प्रश्न विचारण्यास किती वेळ लागला असता?

आमच्या मनाला मात्र चालण्याहून त्यांच्या वाचनातील बदल अधिक लागला होता. ते अडखळत होते हे खरे, परंतु त्यांचे अडखळणे ओळीच्या मध्ये नसे. ओळ संपली की ते थांबत. पुढची ओळ त्यांस सापडत नसे. काही दिवसांनी ते ओळीखाली बोट धरू लागले. मग ओळ संपली की डोळ्यांऐवजी सबंध डोकेच डावीकडे वळवू लागले. सभा मागे चुळबुळ करी, पोरे हसत. एका रविवारी त्यांनी पुस्तक मिटून आमच्या हाती दिले आणि म्हणाले, "फादर, अक्षरं दिसतात, पण नजर उडत नाही." हा शब्द त्यांचा. पुढे बंगळुरूस गेल्यावर कळले की, या रोगाचे याहून नेमके वर्णन मोठ्या डॉक्टरांसही करता आले नसते.

वाचकहो, आपण वाचतो तेव्हा आपली नजर ओळीवरून गाडीच्या चाकासारखी सरकत नाही. ती चिमणीसारखी टुणटुण उड्या मारीत जाते, आणि ओळ संपताच एक मोठी झेप घेऊन पुढच्या ओळीच्या आरंभी येऊन बसते. या झेपेस सेकंदाचा शंभरावा भाग मोजावा इतका थोडका वेळ लागतो. डोळे आडवे फिरविण्याच्या या झेपेचा हुकूम जेथून सुटतो, ती जागा मेंदूच्या देठात आहे. वांग्याला जसा देठ, तसा मेंदूस खालून एक देठ आहे. शास्त्रात त्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. जाडी अंगठ्यापेक्षा फारशी अधिक नाही. पण श्वास, गिळणे, नजर, आवाज, तोल, आणि सबंध शरीरास जाणारे-येणारे सारे निरोप या एवढ्याशा देठातून जातात. त्याच्या मधल्या फुगीर भागास लॅटिनमध्ये 'पोन्स' म्हणजे पूल असे नाव आहे. सोळाव्या शतकात कोन्स्तान्झो वारोलियो या इटालियन वैद्याने त्याचे वर्णन केले, म्हणून आजही तो वारोलियोचा पूल म्हणून ओळखला जातो. या पुलावरून दुहेरी वाहतूक चालते. मोठ्या मेंदूकडून हातापायांस जाणारे तंतू त्यातून उभे उतरतात, आणि लहान मेंदूकडे जाणारे तंतू त्यातून आडवे ओलांडतात. खालच्या अंगास दोन लहान उंचवटे आहेत, त्यांस 'ओलिवा', म्हणजे जैतुनाचे फळ म्हणतात. सेमिनरीत हे शब्द आम्ही निराळ्याच संदर्भात शिकलो होतो.

हैदराबादेस त्यांच्याबरोबर आम्ही गेलो होतो. एम.आर.आय. यंत्राच्या खोलीत शिरण्यापूर्वी अंगावरचे सारे लोखंड काढावे लागते, कारण ते यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक असते. पृथ्वीचे जे चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरविते, त्याच्या सुमारे ३० हजार पट जोर साध्या यंत्रात असतो. तेथील सेवकाने त्यांचा चांदीचा की कसला क्रूस व पदक गळ्यातून काढावयास सांगितले. लग्नापासून तो क्रूस त्यांनी उतरविला नव्हता. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही हात पुढे केला, आणि तास-पाऊणतास तो आमच्या मुठीत होता. आतून धाडधाड, खडखड असा आवाज येत होता. त्यांच्या पत्नी बाहेर बाकावर बसून जपमाळ करीत होत्या. प्रत्येक मोठ्या आवाजासरशी मणी अडे.

हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. त्यात क्ष-किरण नसतात. आपले शरीर बहुतांशी पाण्याचे, आणि पाण्यातील हायड्रोजनचा कण म्हणजे जणू एक अतिसूक्ष्म चुंबकच. मोठ्या चुंबकापुढे हे कण रांगेत उभे राहतात, रेडिओच्या लहरीने त्यांस धक्का दिला म्हणजे ते डळमळतात, आणि पुन्हा रांगेत येताना क्षीण असा संदेश देतात. कोठून कोणता संदेश आला याचा हिशेब करून यंत्र चित्र काढते. अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली याचा पाया घातला. त्यांस व इंग्लंडचे पीटर मॅन्सफिल्ड यांस त्याबद्दल २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीचे सी.टी. यंत्र क्ष-किरणांचे. ते मेंदूच्या वरच्या भागाचे चित्र बरे काढी, पण देठाच्या दोन्ही अंगांस कानामागचे अतिशय घट्ट हाड असते, त्याच्या सावलीत देठ हरवून जाई. मेंदूचा देठ माणसाला जिवंतपणी स्वच्छ दिसू लागला तो एम.आर.आय. आल्यावर.

चित्र हाती आले, तेव्हा आम्हांस आठवण झाली ती आमच्या बिदरच्या बिदरीकामाची. काळ्या धातूवर चांदीची नक्षी बसवावी आणि किल्ल्यातील मातीने काळा रंग आणखी गडद करावा, तसे ते चित्र होते: काळोखी पार्श्वभूमी, आणि जेथे पाणी अधिक तेथे रुपेरी. त्यांचा लहान मेंदू वाळलेल्या सुक्या अंजिरासारखा आकसलेला होता. पूल चपटा झाला होता. आणि त्या पुलाच्या आडव्या कापात, मधोमध, एक पांढरा क्रूस होता. हात समान, स्पष्ट. तो दाखवून देण्याची गरजच पडली नाही. त्यांच्या पत्नींनी तो आपणहून पाहिला आणि पदर डोळ्यांस लावला.

अहवालात इंग्रजीत लिहिले होते की, हे 'हॉट क्रॉस बन'चे चिन्ह आहे. आमच्या खेड्यांत हा पदार्थ कोणी पाहिलेला नाही. गुड फ्रायडेस खावयाचा मसालेदार गोड पाव, त्यावर कणकेची किंवा साखरेची क्रूसाची आकृती; मूळ विलायतेचा, पण मुंबईच्या वांद्र्याकडील बेकऱ्यांत उपवासकाळात आजही मिळतो. डॉक्टर मंडळींस चित्रांना अशी घरगुती नावे ठेवण्याची हौस दिसते. देठाच्याच दुसऱ्या एका रोगात वरचा भाग झिजून चित्र उडत्या लहान पक्ष्यासारखे दिसते, म्हणून त्यास हमिंगबर्डचे चिन्ह म्हणतात. तिसरा एक विरळा प्रकार तर याहून विचित्र: त्यात वर सांगितलेला जैतुनाचा उंचवटा रोगाने आटण्याऐवजी उलट फुगतो, आणि रोग्याच्या घशातील पडदा झोपेतही थरथरत राहतो. झिजताना फुगणारा हा मेंदूतला असा भाग आमच्या वाचनात दुसरा आलेला नाही.

क्रूसाची वार्ता गावात पोहोचण्यास एक दिवस पुरला. जे त्यांस दारुडे म्हणत, तेच आता पिशवी पाहावयास येऊ लागले. कोणी फितीस हात लावून कपाळाला लावी. शेजारच्या गावची एक बाई आपल्या आजारी नातवास घेऊन आली व त्याच्या डोक्यावर ती फीत ठेवा म्हणाली. येथे आम्हांस कठोर व्हावे लागले. रविवारच्या प्रवचनात आम्ही फळ्यावर आकृती काढून सांगितले की, हा क्रूस आकाशातून उतरलेला नाही. पुलातील जे तंतू लहान मेंदूकडे आडवे ओलांडतात ते, आणि मधल्या शिवणीतील पेशी, या रोगात वाळून जातात. त्यांच्या जागी पाणीदार, वणासारखा पदार्थ उरतो आणि तो चित्रात पांढरा उमटतो. खाली उतरणारे तंतू शाबूत असतात म्हणून ते काळे राहतात. चार काळ्या चौकटींमध्ये पांढऱ्या दोन रेघा, एवढेच ते आहे. जे गेले त्यांची ती खूण आहे. तिची पूजा करणे म्हणजे एका माणसाच्या रोगाची पूजा करणे होय.

लोकांनी ऐकले. पण प्रवचनानंतर त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या व हळूच म्हणाल्या, "फादर, तुम्ही म्हणता ते खरं असंल. पण मला तेवढ्याचाच आधार हाय." आम्ही त्यावर काही बोललो नाही. फितींची पिशवी मात्र त्यांनी त्या दिवसापासून कपाटात ठेवली आणि पाहुण्यांस दाखविणे बंद केले.

या चिन्हाविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि वैद्यकाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. हा क्रूस एकाच रोगात दिसतो असे नाही. तो सर्वांत अधिक दिसतो तो एका अशा रोगात, जो वंशपरंपरेने येत नाही. त्यात तोल जाण्याबरोबर उभे राहताच चक्कर येते, लघवीचा ताबा सुटतो, आणि रोग झपाट्याने वाढतो. परंतु वंशपरंपरेने चालणाऱ्या काही रोगांतही तोच क्रूस उमटतो. म्हणजे चित्र इतकेच सांगते की, पुलाचे कोणते तंतू गेले. का गेले, हे चित्र सांगत नाही. घरच्यांच्या दृष्टीने तर सारा प्रश्न त्या 'का'चाच. रोग एका माणसाचा, की मुलाबाळांचाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वाट एका मुंबईकर डॉक्टरांनी, एम.आर.आय. अस्तित्वात नसताना, दाखवून ठेवली आहे. त्यांचे नाव डॉ. नोशीर वाडिया. जन्म १९२५ साली सुरतेचा, पारशी कुटुंबातील. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जाविकारांचा विभाग उभारला. १९७१ साली त्यांनी व डॉ. स्वामी यांनी लंडनच्या 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तोल जाणारे पिढीजात रोग युरोपात ठाऊक होते. देठातील जैतून, पूल व लहान मेंदू ही तिन्ही एकत्र वाळतात, असे १९०० साली पॅरिसच्या देजेरीन व तोमा यांनी दाखविलेही होते. परंतु या नऊ कुटुंबांत वाडियांस एक निराळी गोष्ट आढळली. रोग्यांचे डोळे सर्व बाजूंस फिरत, दृष्टी शाबूत असे, पण नजरेची झेप मंद झालेली असे. काही रोग्यांत ती जवळजवळ नाहीशी होई. त्यांनी लिहिले की, हा पिढीजात तोलभंगाचा एक नवाच प्रकार होय.

याच १९७१ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील विम्बल्डनच्या एका रुग्णालयात सी.टी. यंत्राने जिवंत रोग्याच्या मेंदूचे पहिले चित्र काढले गेले. वाडियांपाशी ते यंत्रही नव्हते. दोन बोटे, किंवा एक बोट व एक पेन, रोग्याच्या डोळ्यांपुढे अंतरावर धरावयाचे आणि 'याकडे पाहा, आता त्याकडे पाहा' असे सांगावयाचे, ही परीक्षा कोणत्याही खेड्यातील डॉक्टर एका पैशाच्या खर्चाशिवाय करू शकतो. पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, या रोगास कारण होणारे जनुक सापडले. आणि १९९८ साली वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांची रक्तपरीक्षा करून मंद नजर ही या रोगाची केवढी मोठी खूण आहे हे पुन्हा त्याच नियतकालिकात मांडले. २०१२ साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. २०१६ साली ते वारले. दूर क्यूबा बेटातील ओल्गीन प्रांतात हाच रोग फार आहे. तेथील घरोघरचे लोक त्यास ओळखतात. आमच्याकडे घरोघर नाही, म्हणूनच कोणी ओळखीत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आम्ही गेलो ते बिदरहून रात्रीच्या गाडीने. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पिशवी उघडण्यापूर्वी दोन बोटे पुढे धरली. आमच्या गृहस्थांनी डोके वळविले. "डोकं नाही, फक्त डोळे," बाई हिंदीत म्हणाल्या व त्यांच्या हनुवटीस हात लावून डोके स्थिर केले. त्यांचे डोळे चिखलातून बैलगाडी जावी तसे एका बोटावरून दुसऱ्यावर गेले. मग बाईंनी विचारले, "घरात आणखी कोणाला?" आणि तेथे सारे बाहेर पडले.

वडिलांस होते. आत्यास होते. वडील पन्नाशीच्या सुमारास असेच झुलत चालू लागले, आणि तेही दारुडे ठरले. आत्या सासरी आळंदकडे दिली होती. तिला कोणी बाहेरचे लागले आहे म्हणून घरच्यांनी अनेक देवस्थाने पालथी घातली. या घरात सुना आल्या की काही वर्षांनी कर्ता पुरुष लुळा पडतो, असा बोलबाला होऊन तो दोष दोन्ही पिढ्यांत सुनेच्या पायगुणावर गेला होता. मृत सासूने तो आयुष्यभर ऐकला आणि मग आपल्या सुनेस ऐकविला. कोणी जाणते लोक नात्यातील लग्नाकडे बोट दाखवीत. आमच्या धर्मसभेत जवळच्या नात्यातील विवाहास बाधा आहे, आणि काही रोग अशा विवाहांमुळे बळावतात हेही खरे. पण हा रोग त्यांतला नव्हे.

रक्तपरीक्षेचा निकाल काही आठवड्यांनी आला आणि शंका उरली नाही. बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. सामान्य माणसात तो बहुधा २२ वेळा असतो. ३३ किंवा त्याहून अधिक वेळा झाला म्हणजे पुढे रोग होतो. आम्ही घरच्यांस जपमाळेचे उदाहरण दिले. दशकात दहा मणी असावयाचे. ओवणाऱ्याच्या हातून कोठे पंधरा ओवले गेले, आणि पुढच्या प्रत्येक माळेचा नमुना त्या माळेवरूनच घेतला गेला. कधी पुढच्या माळेत आणखी एक-दोन मणी वाढतात. विशेषतः वडिलांकडून आलेल्या माळेत. म्हणून वडिलांस पन्नाशीत झालेला रोग मुलास अडतिसाव्या वर्षी गाठतो. आईवडिलांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरे, आणि प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. सुनेचा यात काडीचा संबंध नाही. हे वाक्य आम्ही त्यांच्या घरी, त्यांच्या चुलत्यांपुढे व शेजाऱ्यांपुढे, दोनदा म्हटले. त्यांच्या पत्नी चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण भाकरी थापणारा हात थांबला.

यावर औषध आजमितीस नाही. झिजलेले तंतू परत येत नाहीत. तोलाचे व्यायाम, भिंतीस धरावयाचे लाकडी कठडे, चार पायांची काठी, बोलण्याचा सराव यांनी बरेच दिवस स्वतंत्रपणे काढता येतात. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली दाखला मिळू शकतो. आम्ही त्याच्या खटपटीत आहोत. सर्वांत जपावयाचे ते गिळणे. पातळ पाणी ठसक्याने श्वासनळीत जाते, म्हणून पेज दाट करून, मान किंचित पुढे झुकवून, घास लहान घ्यावा. पवित्र ख्रिस्तशरीर आम्ही त्यांस अगदी लहान कणाएवढे देतो, आणि तेही न गेले तर धर्मसभा केवळ द्राक्षरसाच्या रूपाने कम्युनियन देण्यास मुभा देते, हे आम्ही त्यांस आधीच सांगून ठेवले आहे, म्हणजे त्यांस पुढे संकोच नको.

आता खरा पेच राहिला तो मुलीचा. ती बावीस वर्षांची, नर्सिंगचे शिक्षण घेतलेली. उदगीरकडील एका चांगल्या घरातून मागणी आली आहे. निकालानंतर तिच्या चुलत्यांनी आम्हांस एकीकडे नेऊन सांगितले, "फादर, लग्न होऊ द्या की. मग बघू. तिला काय झालंय आज?" त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते, भावाच्या लेकीची काळजी होती. आम्ही त्यांस नकार दिला. देवळात तीन रविवार लग्नाची घोषणा करावयाची, आणि घरातली एवढी गोष्ट झाकून ठेवावयाची, हे आमच्याकडून होणार नव्हते. शिवाय विवाहजीवन मुळापासून हादरविणारी गोष्ट कपटाने लपवून घेतलेली संमती धर्मसभेच्या कायद्यानेही उभी राहत नाही. चुलते रागावले. काही दिवस ते मिस्साला दुसऱ्या गावी जात होते.

बंगळुरूच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीस सांगितले होते की, तिची इच्छा असेल तर तिचे रक्तही तपासता येईल. पण घाई नको, आधी समुपदेशन, आणि न जाणण्याचाही तिला तितकाच अधिकार आहे. अठरा वर्षांखालील धाकट्या भावाची तर ते तपासणीच करणार नाहीत, कारण ज्यावर उपाय नाही असे ओझे लहान मुलाच्या डोक्यावर ठेवू नये असा दंडक आहे. आम्हांस हा दंडक फार शहाणपणाचा वाटला. मुलीने आठ दिवस विचार केला. मग ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "मला आत्ता कळायला नको, फादर. पण त्यांना सांगायला हवं." बाईमाणसाने एवढ्या लहान वयात एवढी नेमकी वाटणी करावी, याचे आम्हांस आश्चर्य वाटले आणि त्याहून अधिक दुःख.

मुलाकडची मंडळी आमच्या निवासात आली. मुलीच्या सांगण्यावरून आम्ही त्यांस सारे सांगितले: नजर, चाल, आत्या, वडील, निम्मी शक्यता. गृहस्थ स्वतः बसले होते; त्यांनी फितींची पिशवी आणली होती, आणि ती उघडून, बोट थरथरत असतानाही, क्रूस कोठे आहे ते स्वतः दाखविले. मुलाच्या आईने चहा अर्धा ठेवला. दोन आठवड्यांत कळवितो, असे सांगून मंडळी गेली.

पहिले वाचन आता मुलगी करते. आदल्या रात्री वडील ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतात. पौलाच्या पत्रांतील लांबलचक वाक्यांत श्वास कोठे घ्यावा ते त्यांस अजून तोंडपाठ आहे. देवळात ते पहिल्या बाकावर बसतात आणि ती चुकली तर त्यांचे ओठ हलतात.

दोन आठवडे उलटून तिसरा लागला आहे. उदगीरहून आईवडिलांचा निरोप नाही. मुलाने मात्र परवा आपणहून फोन केला आणि बंगळुरूच्या त्या डॉक्टरीणबाई कोणत्या वारी भेटतात, एकट्याने जाऊन त्यांस विचारता येईल काय, असे विचारले. आम्ही वार आणि खोलीचा क्रमांक कळविला आहे.